सीओटू रेग्युलेटर पुन्हा पुन्हा गोठतो? आधी फुकटातल्या तपासण्या करा

नागपूर आणि आसपास मिग वेल्डिंगची (वायर आपोआप पुढे सरकते आणि गॅस जोडाला हवेपासून वाचवतो असं वेल्डिंग) मशीनं, गॅस रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून देणारा) आणि वेल्डर हातात धरतो ती टॉर्च दुरुस्त करणं हे माझं काम. हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, वाडी, कामठी रोड, जिथे जिथे सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर, वेल्डिंग चालतं तिथून एकच तक्रार वर्षभर येते: "भाऊ, रेग्युलेटरनं बर्फ धरला, जोडात जाळी (बारीक भोकं) पडून राहिली, नवीन रेग्युलेटर पाठवा." बहुतेक वेळा नवीन रेग्युलेटर लागतच नाही. नवा बसवला तरी तो आठवड्याभरात तसाच गोठतो, कारण दोष त्याच्यात नसतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर, आणि आपण हात लावायचा नाही अशा गोष्टी शेवटी.

लक्षणं कशी ओळखायची

काम सुरू होतं तेव्हा सगळं ठीक असतं. पंधरा-वीस मिनिटं टॉर्च सलग चालली की रेग्युलेटरच्या पितळी अंगावर आधी दव दिसतं, मग पांढरा थर. फ्लोमीटरमधली (गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी स्थिर राहत नाही. खाली बसते, एकदम उसळते, पुन्हा बसते. नोझलमधून येणारा गॅसचा आवाज तुटक होतो. वेल्डवर बारीक भोकं दिसू लागतात, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) वाढतो. वेल्डर नॉब आणखी उघडतो. त्यानं दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त बिघडतं. जेवणाची सुट्टी होते, सगळे परत येतात, तर रेग्युलेटर आपोआप नीट झालेला असतो.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. वापरात बिघडणं आणि विश्रांतीत सुधारणं ही गोठण्याची खूण आहे. पहिल्याच टाक्यापासून भोकं पडत असतील तर दोष दुसरीकडे आहे. नोझलमध्ये साचलेला स्पॅटर, फाटलेली होज, गंजलेलं किंवा तेलकट मटेरियल, यांकडे बघा. इथे वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रेग्युलेटरवर बाहेरून पांढरा थर आहे, पण गोळी स्थिर आहे आणि वेल्ड स्वच्छ येतंय, तर काहीही बिघडलेलं नाही. तो थर हवेतल्या बाष्पाचा आहे. पावसाळ्यात नागपुरात तो जाड दिसतो, एप्रिलमध्ये हवा कोरडी असते म्हणून तितकीच थंडी असूनही जवळपास दिसत नाही. काम अडवतो तो आतला बर्फ, सीटच्या (गॅस अडवणाऱ्या आतल्या बैठकीच्या) बारीक छिद्रात धरणारा. बाहेरच्या थराच्या जाडीवरून आतला अंदाज बांधू नका.

ही थंडी येते कुठून

तपासण्यांचा क्रम समजायचा असेल तर हे आधी समजून घ्यावं लागेल. शॉपमध्ये नेहमी ऐकू येतं की "गॅस पसरतो म्हणून थंड होतो." हे अर्धंच खरं आहे. पुस्तकातला आदर्श वायू व्हॉल्व्हमधून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे गेला तर त्याचं तापमान अजिबात बदलत नाही. खऱ्या वायूचं बदलतं, कारण खऱ्या वायूचे रेणू एकमेकांना ओढत असतात. दाबाखाली ते जवळ असतात. व्हॉल्व्ह ओलांडला की ते एकमेकांपासून दूर जातात, आणि त्या ओढीविरुद्ध दूर जायला ऊर्जा लागते. बाहेरून उष्णता मिळाली नाही तर ती त्यांच्या स्वतःच्या हालचालीतून जाते. हालचाल मंदावली म्हणजे तापमान उतरलं.

जेम्स जूल आणि विल्यम थॉमसन या दोघांनी 1852 पासून पुढची काही वर्षं हे मोजून दाखवलं. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले. वायू सच्छिद्र बोळ्यातून हळूहळू ढकलायचा, उष्णता आत-बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि दोन्ही बाजूंचं तापमान बघायचं, असा तो प्रयोग. साध्या तापमानाला हवा दर बारमागे (बार हे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) साधारण पाव डिग्री उतरते. कार्बन डायऑक्साइड एक डिग्रीहून जास्त उतरतो. हायड्रोजन मात्र उलट थोडा गरम होतो. प्रत्येक वायूला एक ठरावीक तापमान असतं, ज्याच्या खाली तो व्हॉल्व्हमधून जाताना थंड होतो आणि वर असेल तर गरम होतो. हायड्रोजनचं ते तापमान उणे 70 डिग्रीच्या आसपास आहे, म्हणून आपल्या खोलीत तो गरमच होणार. कार्बन डायऑक्साइडचं हजार डिग्रीच्याही वर आहे, म्हणून नागपूरच्या कुठल्याही ऋतूत तो थंडच होणार. ही थंडी कुणाला बंद करता येत नाही. तिच्या जागी उष्णता पुरवणं एवढंच आपल्या हातात आहे.

किती उष्णता? 20 डिग्रीला सिलिंडरमध्ये द्रव सीओटू असेल तर वरच्या वायूचा दाब 57 बारच्या आसपास असतो. तिथून वेल्डिंगच्या दाबापर्यंत येताना बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही, तर तापमान उणे 50 च्याही खाली जातं. आणि 5.2 बारच्या खाली कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे त्यातला काही भाग थेट घन होतो, म्हणजे ड्राय आइस. सीटमध्ये अडकतो तो बर्फ पुष्कळदा पाण्याचा नसून हाच असतो. मिनिटाला 15 लिटर गॅस चालू असेल तर तो पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायला साधारण 45 ते 50 वॉट लागतात. त्याच फ्लोला 150 बारच्या आर्गॉनचा हिशेब केला तर 10-11 वॉटच येतात. तेवढी उष्णता पितळी रेग्युलेटर आजूबाजूच्या हवेतून सहज ओढून घेतो. "आर्गॉनवर असं कधी होत नाही, मग सीओटूवरच का?" याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मे महिन्यात का गोठतो

नागपुरात यावरच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून लिहितो. बाहेर 44-45 डिग्री आहे, शॉपचा पत्रा तापलाय, आणि रेग्युलेटर गोठलाय. मालकांना वाटतं की रेग्युलेटरच खराब, नाहीतर एवढ्या उन्हात बर्फ कसा होईल?

कार्बन डायऑक्साइड 31 डिग्रीच्या वर द्रव राहत नाही. दाब कितीही दिला तरी नाही. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत दिवसा आपल्या शॉपमधल्या भरलेल्या सिलिंडरमध्ये ना नेहमीचा द्रव असतो ना नेहमीचा वायू. खूप दाट, दाबलेला असा एकच पदार्थ असतो आणि गेज 100 बारच्याही वर दाखवू शकतो. थंडीत काय होतं, तर द्रवाचा वायू व्हायला लागणारी उष्णता सिलिंडरच्या आत खर्च होते. सिलिंडरचं मोठं लोखंडी अंग ती पुरवतं आणि रेग्युलेटरच्या वाट्याला उरलेला भाग येतो. उन्हाळ्यात भरलेल्या सिलिंडरमधून तो दाट पदार्थ तसाच बाहेर येतो आणि रेणू एकमेकांपासून दूर जाण्याचं जवळजवळ सगळं काम एकट्या रेग्युलेटरच्या छिद्रात होतं. 40 डिग्री आणि 100 बार धरून हिशेब केला, तर 15 लिटरच्या फ्लोला रेग्युलेटरपाशी साधारण 90 वॉट लागतात. म्हणजे 20 डिग्रीच्या दिवसापेक्षा दुप्पट.

म्हणून उन्हाळ्यात नवा भरलेला सिलिंडर लावला की पहिले काही तास त्रास जास्त आणि सिलिंडर रिकामा होत जाईल तसा कमी. थंडीत उलटं चित्र असतं: सुरुवातीला बरं, आणि सलग वापरानं सिलिंडर स्वतःच थंड पडत गेला की त्रास वाढतो. तुमच्याकडे यातलं कोणतं होतंय हे दोन-तीन दिवस नीट बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

पहिली तपासणी: कूलर आणि पंखे

एक पैसा लागत नाही. शॉपमधला डेझर्ट कूलर बंद करा, पंखा वळवा आणि एक सीम (वेल्डची ओळ) मारून बघा. कूलरचा झोत नोझलसमोरचा गॅस उडवून नेतो आणि भोकं हुबेहूब गोठलेल्या रेग्युलेटरसारखी पडतात. वेल्डरला वाटतं गॅस कमी पडतोय, तो फ्लो मिनिटाला 25 लिटरवर नेतो, आणि त्या वाढवलेल्या फ्लोनं रेग्युलेटर खरोखर गोठतो. सुरुवात वाऱ्यानं होते आणि दोष बर्फाला जातो. कूलर बंद करून माणसांना 45 डिग्रीत काम करायला लावा असं मी म्हणत नाही. टेबलाभोवती कॅनव्हासचा किंवा पत्र्याचा आडोसा करा आणि झोत माणसाच्या पाठीवर येईल असा ठेवा.

फ्लो किती ठेवलाय

हेही फुकट. 1.2 मिलीमीटरच्या वायरला मिनिटाला 12 ते 15 लिटर पुरतात. अर्ध्याहून जास्त ठिकाणी मला 20-25 सापडतात. लागणारी उष्णता फ्लोच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 25 वरून 14 वर आलात की थंडीचा भार जवळजवळ अर्धा झाला. शिवाय जास्त फ्लोनं वेल्ड सुधारत नाही. नोझलच्या तोंडाशी गॅस भोवरे करतो आणि हवा आत ओढतो.

नॉब फिरवताना टॉर्चचं बटण दाबून गॅस चालू ठेवा. गॅस बंद असताना लावलेला आकडा खोटा असतो.

सिलिंडर कसा उभा आहे, आणि कोणता आहे

सिलिंडर आडवा किंवा तिरका ठेवलेला असेल तर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव जातो आणि तो मिनिटांत गोठतो. सरळ उभा करा, साखळीनं बांधा, थोडा वेळ स्थिर राहू द्या.

सरळ उभा असूनही उघडल्या उघडल्या पांढरा फवारा येतोय आणि दोन-तीन मिनिटांत सगळं जाम होतंय, तर आत सायफन नळी असलेला सिलिंडर आलाय का ते पुरवठादाराला विचारा. तळातून द्रव काढण्यासाठी असलेले असे सिलिंडर ड्राय आइस बनवायला वापरतात. वेल्डिंगच्या रेग्युलेटरवर ते चालत नाहीत. परत पाठवा. नळी काढायचा प्रयत्न करायचा नाही.

हीटर: खरा दोष बहुधा इथेच

सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर असतो तो वर लिहिलेले वॉट पुरवण्यासाठीच. तो गॅसला छिद्राच्या आधी गरम करतो, आणि ही जागा महत्त्वाची आहे. नंतर गरम केलं तरी शेवटचं तापमान तेच येईल, पण तोवर सीटमध्ये बर्फ धरून झालेला असेल. म्हणून होजला गरम फडकं गुंडाळून काही मिळत नाही.

तपासणी अशी करा. गॅस बंद ठेवा, हीटर चालू करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि हीटरच्या भागाला उलट्या हातानं हळूच स्पर्श करून बघा. चांगला कोमट ते गरम लागला पाहिजे. थंडच असेल तर:

प्लग लावलाय का ते बघा. हसू नका, हे नेहमी सापडतं. ग्राइंडरसाठी कुणीतरी प्लग काढतो आणि परत लावत नाही.

हीटर मशीनच्या मागच्या 36 व्होल्टच्या सॉकेटवर असेल तर त्या सॉकेटचा फ्यूज बघा. बहुतेक मशीनांत तो वेगळा असतो. तो उडाला तरी वेल्डिंग चालू राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मल्टिमीटर असेल तर प्लग काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजा. 150 वॉटचा हीटर 36 व्होल्टचा असेल तर 8-9 ओहम दिसायला हवेत, 230 व्होल्टचा असेल तर साडेतीनशेच्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट किंवा आतला थर्मोस्टॅट गेलाय. दुरुस्तीचा खर्च नव्या रेग्युलेटरपेक्षा बराच कमी येतो.

आणि एक कळकळीची सूचना. 36 व्होल्टच्या हीटरची पिन कापून त्यावर साधा प्लग बसवून तो घरगुती सॉकेटमध्ये लावू नका. हीटर क्षणात जळतो, आणि रेग्युलेटरच्या पितळी अंगात करंट उतरला तर त्याला हात लावणारा माणूस जातो. हीटरवरचा व्होल्टेज वाचता येत नसेल तर लावूच नका. 230 व्होल्टचा असेल तर अर्थिंग असलेली तीन पिनांचीच वायर हवी.

हीटर चांगला असेल तर फक्त सवय बदला: सकाळी आधी हीटर, पाच-दहा मिनिटांनी गॅस. बंद करताना आधी गॅस, मग हीटर.

गळती

साबणाचं पाणी घ्या. सिलिंडरचा जोड, होजचे दोन्ही क्लॅम्प, वायर फीडरमागचा निपल. टॉर्च बंद असताना फ्लोमीटरची गोळी तळाला पूर्ण बसली पाहिजे. तरंगत असेल तर गळती आहे किंवा मशीनमधला सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. गळतीमुळे रेग्युलेटरला दिवसभर विश्रांती मिळत नाही आणि दोन टाक्यांमधल्या वेळात तो जो गरम व्हायला हवा तो होत नाही. सिलिंडरच्या जोडात वॉशर जुना झालेला असतो; तो बदलायचा, पाना जोरात आवळून भागवायचं नाही.

गेजलाच थर्मामीटर म्हणून वाचा

मला वाटतं ही सगळ्यात उपयोगी युक्ती आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे. सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब फक्त द्रवाच्या तापमानावर ठरतो, किती द्रव उरलाय यावर नाही. 25 डिग्रीला साधारण 64 बार, 20 ला 57, 10 ला 45, शून्याला 35, उणे 10 ला 26.

आता समजा डिसेंबरची सकाळ आहे, शॉपमध्ये 18-20 डिग्री आहे आणि गेज 35 दाखवतोय. लोक म्हणतात सिलिंडर अर्धा संपला. नाही. आतला द्रव शून्य डिग्रीवर आलाय, कारण तुम्ही त्यातून इतक्या वेगानं गॅस काढताय की त्याचा वायू होण्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या बाहेरून वेळेत आत पोचत नाही. 20 डिग्रीला 15 लिटरच्या फ्लोसाठी ती साधारण 70 वॉट लागते, रेग्युलेटरचे 45-50 वेगळे. अशा थंड सिलिंडरमधून आलेला गॅस रेग्युलेटरवर आधीच थंड पोचतो आणि हीटर अपुरा पडतो. वापर थांबवून तासाभरानं गेज पुन्हा वर चढला तर निदान पक्कं.

शिल्लक किती हे बघायचं असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि मानेवर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा. उन्हाळ्यात 31 डिग्रीच्या वर ही थर्मामीटरची युक्ती चालत नाही, हे लक्षात ठेवा.

यावर उपाय दोन. एकाच वेळी दोन सिलिंडरमधून गॅस घ्या म्हणजे भार वाटला जाईल, किंवा दोन सिलिंडर आळीपाळीनं वापरा. आळीपाळीत खर्च नाही. दोन्ही एकत्र जोडायचे असतील तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारा) असलेला तयार मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडणारा पाइप) हवा आणि तो गॅसवाल्यांकडूनच बसवून घ्यायचा. एक सिलिंडर उन्हात आणि एक सावलीत असताना साध्या नळीनं जोडले तर गरम सिलिंडरमधला गॅस थंड सिलिंडरमध्ये जाऊन तो क्षमतेबाहेर भरतो. पुढे ऊन त्याच्यावर आलं की काय होईल हे सांगायची गरज नाही.

गॅसमधला ओलावा

हीटर गरम, फ्लो बरोबर, सिलिंडर उभा, तरीही काही मिनिटांत जाम होत असेल तर गॅसमध्ये पाणी असण्याचा संशय घ्या. पाणी शून्यालाच गोठतं, त्यामुळे थोडाही थंडावा त्याला पुरतो. खात्री करण्याचा रस्ता एकच: तोच रेग्युलेटर, तोच फ्लो, वेगळ्या लॉटचा सिलिंडर. त्रास गेला तर पुरवठादाराला सिलिंडर नंबरासह कळवा आणि बदलून मागा. काही शॉपमध्ये सिलिंडर उलटा करून व्हॉल्व्ह उघडतात आणि पाणी काढतात. सिलिंडरचं वजन, आतला दाब आणि तोंडातून सुटणारा उणे 78 डिग्रीचा ड्राय आइस पाहता मी ते कुणाला सुचवणार नाही.

ओलावा कधी कधी आपल्याच शॉपमधून जातो. रिकामा सिलिंडर व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोपऱ्यात टाकला की पावसाळ्यात दमट हवा आत शिरते. शेवटचे दोन-तीन बार आत ठेवूनच सिलिंडर काढा आणि व्हॉल्व्ह बंद करा.

गोठलाच तर काय करायचं

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, टॉर्चचं बटण दाबून लाइनमधला दाब सोडा, नॉब सैल करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाई असेल तर हीटरचा प्लग काढून रेग्युलेटरच्या पितळी अंगाभोवती कोमट पाण्यात पिळलेलं फडकं धरा. गॅस कटरची ज्योत, हीट गन, उकळतं पाणी यांपैकी काहीही नको. आतला डायफ्राम रबराचा असतो, सीट प्लास्टिकची. ज्योतीनं ती वितळली की पुढे दाब अडवायला काहीच उरत नाही. सिलिंडरच्या अंगाला तर ज्योत दाखवायचीच नाही, आणि तो गरम व्हावा म्हणून उन्हातही ठेवायचा नाही. आपल्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या भरलेल्या सिलिंडरचा दाब कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असलेली सुरक्षा चकती याच कारणानं फुटते आणि सगळा गॅस एका दमात बाहेर येतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

टॉर्च बंद असताना कमी दाबाचा काटा हळूहळू वर चढत असेल, तर सीट बसत नाही. रेग्युलेटर लगेच काढा आणि ज्याच्याकडे प्रेशर टेस्टिंगची सोय आहे अशा दुरुस्तीवाल्याकडे द्या. घरी उघडू नका. आत ताणलेली स्प्रिंग असते, आणि चुकीची बसवलेली सीट पुढच्या वेळी सिलिंडरचा पूर्ण दाब होजवर सोडते. रेग्युलेटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा जरी सुटला असेल तरी हेच. सुटतोय म्हणून तो स्क्रू आवळून बंद करणारे मी पाहिलेत. कृपा करून असं कुणी करू नका.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह हातानं फिरत नसेल, स्पिंडलमधून गळत असेल, अंगावर खोल पोचा किंवा गंज असेल, हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं होणाऱ्या सिलिंडरच्या चाचणीची) तारीख उलटून गेली असेल, तर सिलिंडर बाजूला ठेवून पुरवठादाराला बोलवा. गॅस सिलिंडर नियम 2016 ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या पेसोचं (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची संस्था) मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. पुरवठादार ऐकत नसेल तर तक्रारीसाठी लांब जायची गरज नाही.

मोठी गळती झाली आणि जागा बंदिस्त असेल, खड्डा किंवा तळघर असेल, तर आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा मोह टाळा. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, खाली साचतो, आणि त्याला वास नसतो. सगळ्यांना बाहेर काढा, दारं-शटर उघडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

पाच-सहा टॉर्च एकाच लाइनवर दिवसभर चालणार असतील तर वरच्या तपासण्या पुरणार नाहीत. सहा टॉर्चना 15 लिटरनं 90 लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ 10 किलो सीओटू. द्रवाचा वायू होणं आणि रेग्युलेटरपाशी उतरणारं तापमान, दोन्ही धरून 700 वॉटच्या आसपास उष्णता सतत लागेल. ती सिलिंडरच्या लोखंडातून आणि छोट्या हीटरमधून येणं शक्य नाही. तिथे व्हेपरायझरसह (द्रव गरम करून त्याचा वायू करणारं यंत्र) बँक (एकत्र जोडलेले अनेक सिलिंडर) किंवा टाकी लागते. तिचं गणित, जागा आणि परवाना हे काम गॅस पुरवठादाराच्या इंजिनिअरकडूनच करून घ्या. त्याला सांगताना टॉर्चची संख्या, फ्लो आणि रोजचे तास यांबरोबर मे आणि डिसेंबरमधलं शॉपचं तापमानही लिहून द्या, कारण दोन्ही ऋतूंत उष्णता वेगळ्या जागी लागते.